वालाच्या उसळीचा पुरावा

जानकीबाईंना कुणी शिक्षण विचारलं, तर त्या ठसक्यात सांगत, "चौथी. पन तिन्ही पाळ्या तोंडपाठ हायत." आणि ते खरंच होतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कोण सकाळी सातला जातो, कोण दुपारी तीनला आणि कोण रात्री अकराला चढतो, हे त्या झोपेतून उठवलं तरी सांगत. पोलादपूरच्या वरच्या वाडीवरून लग्न होऊन त्या बिरवाडीशेजारच्या शेवरकोंडात आल्या, आणि खोल्या भाड्याने घेऊन राहणाऱ्या कामगारांसाठी त्यांनी घरातच खानावळ काढली. रोजचे चाळीस डबे जात. तांदळाची भाकरी, कडव्या वालाची उसळ, आणि उसळीत ओल्या खोबऱ्याचे लांब काप. असे काप घालणारी पंचक्रोशीत आपण एकटी, याचा बाईंना भारी अभिमान.

दुखणं एकच. खानावळीच्या कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग पडायचा. पंचायतीने तिथे पाटी लावली, 'येथे कचरा टाकू नये.' माणसं आज्ञाधारक! खाली टाकायचा नाही म्हटल्यावर त्यांनी पिशव्या पाटीलाच अडकवायला सुरुवात केली. समोर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक श्रीधर गुरुजी नाकाला रुमाल लावून वैतागले आणि त्यांनी अर्ज दिला, की ही घाण खानावळीची आहे, तेव्हा खानावळीला पंचायतीचा ना हरकत दाखला पुन्हा देऊ नये. दाखला गेला, की चूल विझलीच म्हणायची.

ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा जानकीबाई पदर खोचून उभ्या राहिल्या.

"माझं पिंप मी रोज घंटागाडीत रिकामं करते. नागसेनला विचारा."

घंटागाडी चालवणाऱ्या नागसेनने दारातूनच मान डोलावली.

"मग ढीग कुनाचा, ते आत्ता भर सभेत दाखवते," असं म्हणून बाईंनी सोबत आणलेल्या कोपऱ्यावरच्या तीन पिशव्या सभेसमोर वर्तमानपत्रावर ओतल्या. पिशवीत एखादं बिल, एखादी चिठ्ठी सापडेल आणि चोर उघडा पडेल, असा त्यांचा हिशेब. पहिल्या पिशवीतून वालाची उसळ निघाली. दुसरीतून उसळ आणि अर्धी भाकरी. तिसरीतून उसळच, खोबऱ्याच्या लांब कापांसकट.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सभा जी हसली ती काही केल्या थांबेना.

"मी काही बोलत नाही हो, जानकीबाई," गुरुजी म्हणाले, आणि त्यांना न बोलताच सगळं बोलता आलं होतं.

बाई मटकन खाली बसल्या. दाखल्याचं त्यांना त्या घटकेला काही वाटलं नाही. आपली उसळ कुणीतरी टाकतं, एकजण नाही, तिघंतिघं टाकतात, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. पण बाई खमकी. थोड्या वेळाने पुन्हा उठल्या आणि ग्रामसेविका अनुपमाबाईंना म्हणाल्या, "माझीच हाय. लिवा. पन ही पोरं कोपऱ्यावर का टाकतात, ते बी कुनीतरी विचारा."

"गाडी तर रोज येते ना?" अनुपमाबाईंनी विचारलं.

"येते की, नवाला," नागसेन म्हणाला. "तेव्हा पहिली पाळी कामावर. रात्रपाळी घोरत असते. आनि दुसऱ्या पाळीवाले संडासाच्या रांगेत बादली घेऊन उभे. कचरा द्यायचा कुनी?"

आता पाळ्यांचा विषय निघाल्यावर जानकीबाई कुणाला ऐकतात! गाडी आमच्या गल्लीत साडेतीनला आणा, त्यांनी सांगून टाकलं. पहिली पाळी तोवर परतते, रात्रपाळी उठलेली असते, आणि दुसऱ्या पाळीवाले जाता जाता माझ्या पिंपात टाकतील. सरपंचांनी महिन्याची मुदत दिली. कोपरा स्वच्छ राहिला तर दाखला, नाहीतर नाही.

दुसऱ्या दिवशीपासून बाई खोल्याखोल्यांतून फिरल्या. उरलंसुरलं डब्यातच परत पाठवायचं, धुऊन लपवायचं नाही, असा हुकूम सुटला. तरी मनातलं शल्य जाईना. शेवटी त्यांनी रात्रपाळीच्या राजेंद्रला अडवून विचारलंच, "माझी उसळ वाईट लागते काय रे?"

"नाही हो मावशी! तुम्ही डबा दाबून भरता. एवढं जात नाही. आणि नको म्हटलं तर रागावता."

"मी कधी रागावते?" बाई एवढ्या जोरात ओरडल्या, की शेजारच्या खोलीतला झोपलेला माणूस उठून बसला. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. त्या दिवसापासून त्या प्रत्येकाला विचारून वाढू लागल्या. हा त्यांच्या स्वभावाला मोठाच दंड होता.

पंचायतीनेही आपला वाटा उचलला. कोपरा धुऊन घेतला, दिवा बसवला, सिमेंटचं बाकडं ठेवलं. त्या बाकड्यावर गुरुजी पहारा करायला बसू लागले. एका सकाळी तेच जास्वंदीच्या छाटलेल्या फांद्या हळूच पाटीखाली ठेवताना सापडले. "गुरुजी, फांदी बी कचराच असते," जानकीबाईंनी खिडकीतून आवाज दिला, आणि गुरुजींनी फांद्या मुकाट्याने उचलून घरी नेल्या.

कोपरा स्वच्छ राहिला, आणि महिन्याने दुपारी चार वाजता सभा भरली. अनुपमाबाईंनी विचारलं, "दाखला द्यावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा." सभेतले सगळे हात वर गेले. गुरुजींचाही गेला, जरा उशिरा, चष्मा पुसून झाल्यावर. तेवढ्यात जानकीबाईंचं लक्ष खिडक्यांकडे गेलं. बाहेर पहिल्या पाळीची पोरं उभी होती, कंपनीच्या कपड्यांतच. नगर, जळगाव, बिहार, कुठकुठली. त्यांचेही हात वर होते.

अनुपमाबाई ओशाळल्या. "तुमची नावं इथल्या मतदार यादीत नाहीत. तुमचे हात मला मोजता येणार नाहीत," त्या म्हणाल्या.

कुणी हात खाली घेतला नाही. जानकीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पुसायचंही त्यांना सुचेना.

"नका मोजू, बाई," त्या म्हणाल्या, "पन खाली घ्या असं बी म्हनू नका."

अनुपमाबाईंनी पेन टेबलावर ठेवलं, आणि खिडक्यांतले हात आपसूक खाली येईपर्यंत सभा तशीच थांबली.