बर्फाच्या डब्यातले डोळे

नया नगरच्या मटणाच्या दुकानात दर बुधवारी तो माझ्या आधी हजर असायचा. उभा असायचा असं म्हणवत नाही, कारण त्याचे पाय एका जागी ठरतच नसत. सारखं घड्याळ बघायचा, मग रस्ता, मग हातातला बर्फाचा डबा. त्याला मटण नको असायचं, बकऱ्याचे डोळे हवे असायचे. "आज का ही है ना? कल का नहीं चलेगा," असं दुकानदाराला दरवेळी विचारायचा आणि एकेक डोळा टॉर्चच्या उजेडात फिरवून बघायचा. बारीकसा ओरखडा दिसला की परत. तोवर माझा खिमा लटकलेला.

एकदा वैतागून मी विचारलंच, "करता काय हो यांचं?"

"लॅबमध्ये आहे मी. शाम्पूत घालायचं एक फॅटी ॲसिड आलंय, खोबरेल तेलातून काढलेलं. ते डोळ्याला झोंबेल का, ते तपासतोय. यावर थेंब टाकायचा आणि बुबुळ पांढुरकं पडतं का बघायचं."

"आणि पूर्वी कशावर तपासायचे?"

"पूर्वी ससे होते. धरायला मीच असायचो." त्याने कोरडेच हात पँटला पुसले. "ससा ओरडत नाही हो, नुसता बघत राहतो. आता बरंय. हे डोळे बघत नाहीत."

निवडलेले डोळे त्याने डब्यातल्या ओल्या फडक्यावर बुबुळं वर करून मांडले. खाली घासली तर टेस्ट बिघडते म्हणे. डबा बंद करताना मात्र त्याने तोंड रस्त्याकडे केलं आणि झाकण हाताने चाचपून बसवलं.