ताई म्हण

लढाईची वर्षं होती. नगरला, छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अनाथ मुलांचा एक आश्रम होता आणि तिथे मुलं सांभाळणाऱ्या बायकांसाठी नवीनच शिक्षणवर्ग निघाला होता. मुलं सांभाळायला शिकावं लागतं ही कल्पना शहरातल्या लोकांना गमतीची वाटे. माझ्या भावाला ती गमतीची वाटली नाही. विधवा बहिणीला राहायला-जेवायला मिळेल अशी दुसरी जागा त्याला दिसत नव्हती. माझ्यासारख्याच आणखी काहीजणी कुठून कुठून येऊन दाखल झाल्या.

उद्घाटनाला आश्रमाच्या चिटणिसांनी भाषण केलं. मातृत्व हे एक शास्त्र आहे, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. त्यांच्या पत्नीने ते शास्त्र घरी सहा-सात वेळा पूर्ण केलं होतं; त्या मागच्या रांगेत धाकट्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना कोणी दोन शब्द बोलायला सांगितलं नाही. मग आम्ही सेल्युलॉइडच्या एका बाहुलीला पाहुण्यांसमोर अंघोळ घातली. बाहुली रडली नाही, निसटली नाही, साबण तिच्या डोळ्यांत गेला नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पेढे खाऊन ते गेले.

थट्टा करते, पण त्या वर्गाने मुलं वाचवली हेही लिहायला हवं. बाटल्या उकळायच्या कशा, खरजेला गंधकाचं मलम कधी लावायचं, जुलाब झालेल्या मुलाला काय पाजायचं, हे आम्ही तिथे शिकलो. शिकवणाऱ्या व्यवस्थापिकाबाई कडक होत्या, पण ढोंगी नव्हत्या. त्यांना आम्ही नुसतं ‘बाई’ म्हणत असू.

आम्हाला आमच्या गावावरून हाक मारीत. माझ्या खोलीत जी होती ती पाथर्डीकरीण. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली आणि हिला चुलीजवळूनही उठवलं. अंगाने दणकट, बोलायला मोकळी. मी वाचत बसले की म्हणायची, “मास्तरीनबाई, त्या बुकात काय पोरं निजवायची युगत दिलीया का? असली तर वाचा मोठ्यानं. आमची चार अजून टक्क जागी हायेत.”

वर्गात सगळ्यात जड गेलेला धडा कोणत्याही छापील पुस्तकात नव्हता. मुलांनी आम्हाला आई म्हणायचं नाही, ताई म्हणायचं. एखादं मूल आई म्हणालं तर ओ द्यायची नाही. तोंड कोरं ठेवायचं, काम चालू ठेवायचं आणि ते ताई म्हणालं की लगेच उचलून घ्यायचं. जिला एखादं मूल पुन्हा पुन्हा आई म्हणू लागेल तिला धुण्याच्या कामावर पाठवीत. यामागे कारण होतं. पूर्वी एका सेविकेला आई म्हणणारा मुलगा दत्तक गेला, तिकडे त्याने अन्न सोडलं आणि तो परत आला तो जगला नाही. बाईंनी हे एकदाच सांगितलं आणि त्या फळ्याकडे वळल्या. त्या मुलानंतर आश्रमात तो शब्दच उरला नव्हता. अभंगातली माउली मात्र चालत होती, कारण ती दारात येऊन उभी राहील अशी कोणाला धास्ती नव्हती.

पाथर्डीकरीण या धड्यात सगळ्यांच्या पुढे गेली. तिच्याकडच्या एका मुलालाही तो शब्द येत नव्हता. चिटणिसांनी एका बैठकीत तिचं नाव घेऊन कौतुक केलं. मी तिला विचारलं, “तुला कसं जमतं गं?”

“लई सोपं हाय,” ती म्हणाली. “मला कुनी कंदी म्हनलंच न्हाई. मला काय सवय सोडायचीया?”

तिच्याकडे एक मुलगी होती, अडीच-तीन वर्षांची. डोळ्यात किंचित तिरळेपणा होता. तिचं नाव आश्रमाच्या समितीने ठेवलेलं होतं. पुढे ते बदललं गेलं, म्हणून इथे लिहीत नाही. दत्तक न्यायला येणाऱ्यांना मुलगा हवा असे, तोही गोरा आणि अंगावरचा. चालती-बोलती मुलगी कोणी मागत नसे. अशा मुली आश्रमात वाढत, भांडी घासत आणि मग समिती त्यांच्यासाठी बिजवर शोधत असे. म्हणून सोनईहून एक शेतकरी नवरा-बायको येऊन ‘आम्हाला मुलगीच द्या’ म्हणाले, तेव्हा बाईंचा विश्वास बसेना.

बाईंनी या मुलीला निवडलं. पाथर्डीकरणीने तिला न्हाऊ घातलं, दोन वेण्या घातल्या आणि आणून शेतकऱ्याच्या बायकोच्या मांडीवर बसवलं. सोनईच्या बाईने खण शिवून परकर आणला होता, पायात घालायला चांदीचे वाळे आणले होते. मुलगी शहाण्यासारखी बसली. वाळे वाजवून पाहिले. मग तिने त्या बाईच्या हनुवटीला हात लावला आणि गोड आवाजात म्हणाली, “ताई.”

“आई म्हन बाळ,” सोनईची बाई म्हणाली.

“ताई,” मुलगी म्हणाली आणि उचलून घ्यायची वाट पाहत राहिली. तिच्या शिकवणीप्रमाणे तिचं काही चुकलं नव्हतं.

ती बाई पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मुलगी दर वेळी तेच म्हणाली आणि शेवटी घाबरून तिने तोंड वाकडं केलं. सोनईच्या बाईने पदराने डोळे पुसले. “ताई म्हनायला घरात दोन धाकट्या जावा हायेत मला,” ती म्हणाली. “त्येंनाच हसायला नवं कायतरी हुईल.”

नवरा शांत होता. “आठ दिसांनी येतो,” तो बाईंना म्हणाला. “तंवर बगा काय जमतंय का. न्हाई जमलं तर ऱ्हाऊ द्या.” परकर त्यांनी आश्रमातच ठेवला. वाळे काढून परत नेले.

ऱ्हाऊ द्या म्हणजे काय हे सगळ्यांना कळलं. दुसरं घर तिच्यासाठी येणार नव्हतं.

दुपारी बाईंनी पाथर्डीकरणीला बोलावलं. मी तिथे बाटल्या पुसत होते. बाई बराच वेळ टेबलावरची दौत सरळ करीत होत्या. मग म्हणाल्या, “तिला आई म्हणायला शिकव.”

“कुनाला?”

“तुलाच. शब्द कोणाला तरी चिकटवल्याशिवाय येत नाही. आठ दिवस तू ओ दे.”

“आन मंग?”

“मग त्या बाईंकडे बोट दाखव.”

पाथर्डीकरीण हसली. “बाई, म्हशीला दुसरी दावन दाखवायची आसंल तर आसं करत्यात.” बाई रागावल्या नाहीत. खाली बघूनच म्हणाल्या, “मला दुसरं काही सुचत नाही गं.”

मुलगी शिकायला तयार नव्हती. ज्या शब्दाला कधी उत्तर आलं नाही तो तिने का म्हणावा? पाथर्डीकरीण अंगणातल्या कडुलिंबाखाली तिला घेऊन बसे. गुळाचा खडा हातात धरून म्हणे, “आई म्हन.” मुलगी ताई म्हणे. मग तिच्या दंडावर हलकेच टिचकी मारून ती म्हणे, “ताई मेली. आई म्हन.” एका संध्याकाळी मुलगी पायरीवरून घसरली, गुडघा फुटला आणि ती एकदम “आई गं” म्हणून ओरडली. हे तिने कुठे ऐकलं होतं कोण जाणे. मी धावले, पण पाथर्डीकरीण आधी पोचली होती. “ओ,” ती म्हणत होती. “ओ. ओ गं माजे बाय.” मुलीचं रडं केव्हाच थांबलं होतं, तरी हिचं ओ देणं चालूच होतं.

त्यानंतर शिकवावं लागलं नाही. मुलगी दिवसभर आई-आई करीत पाथर्डीकरणीच्या मागे मागे फिरे. ही पाण्याला गेली तर आडाशी, धुण्याला गेली तर दोरीखाली. इतर मुलं तोंड उघडं टाकून बघत. त्यांच्यातलं एखादं भीतभीत तो शब्द उच्चारून पाही, आणि पाथर्डीकरीण त्याच्याकडे पाठ करून नियम पाळी.

सोनईकर सांगितल्या दिवशी आले. चिटणीसही मुद्दाम आले होते. पाथर्डीकरणीने मुलीला खणाचा परकर नेसवून बाहेर आणलं, सोनईच्या बाईसमोर उभं केलं आणि बोट दाखवलं. “ती बग आई.”

मुलीने तिकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं आणि हिच्याच लुगड्यात तोंड खुपसून म्हणाली, “आई.”

“म्हणाली! म्हणाली!” चिटणीस आनंदाने म्हणाले. “शिक्षणाने काय होत नाही!”

सोनईची बाई त्यांच्याइतकी शिकलेली नव्हती, त्यामुळे तिला समजलं. ती खाली बसली आणि हळूच पाथर्डीकरणीला म्हणाली, “अक्का, तुमी बी चला संगं. म्हैनाभर ऱ्हावा. पोर रुळली म्हंजे जावा.”

पाथर्डीकरणीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी नकाराची मान हलवली. त्यांना तो मागचा मुलगा आठवत असणार. दोघी समोर असल्या तर पोर दुसरीची कधीच होणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

मग पाथर्डीकरणीने मुलीची बोटं लुगड्यातून एकेक करून सोडवली, तिला त्या बाईच्या कडेवर दिलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. मुलगी हाका मारीत होती. टांगा फाटकातून बाहेर पडून सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्याकडे वळेपर्यंत त्या हाका आम्हाला ऐकू आल्या. पाथर्डीकरणीने ओ दिली नाही. तोंड कोरं ठेवलं, जसं शिकवलं होतं तसं.

सुगीनंतर सोनईचा तो शेतकरी बाजाराला नगरात आला आणि आश्रमात डोकावून गेला. बाईंनी आमच्या खोलीत येऊन निरोप सांगितला. त्यांच्या कडेवर त्याच दिवशी आलेलं एक तान्हं मूल होतं.

“खाती का?” पाथर्डीकरणीने विचारलं.

“खाते. जाडी झाली आहे म्हणे.”

“आन हाका?”

“आधी दाराकडे बघून मारायची. आता नाही मारत. आता त्या बाईंनाच आई म्हणते.”

“मंग बरं झालं,” पाथर्डीकरीण म्हणाली. “आता मला वळखायची न्हाई.” आणि पुन्हा, “बरंच झालं.”

बाईंनी कडेवरचं मूल तिच्यापुढे धरलं. तिने हात पुढे केले नाहीत. वर्गात आल्यापासून कोणत्याही कामाला ती नको म्हणालेली मी ऐकली नव्हती.

“हे आज मास्तरीनबाईंकडं द्या,” ती म्हणाली. “मी उद्या घेते.”