तयारी झाली की निघू

सहलीची रंगीत तालीम घेणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. त्याला जाऊन वर्ष उलटून गेलं, तरी माझा त्याच्यावरचा राग उतरलेला नाही. आमच्या मराठवाड्यात बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात आणि दाजींवर आवाज चढवायचा नसतो. दाजी काहीही बोलले तरी मेव्हण्यानं खाली मान घालून ‘व्हय दाजी’ म्हणायचं. मीही आयुष्यभर तेच म्हणत आलो. त्यामुळे जे तोंडावर बोलायचं राहिलं, ते आता कागदावर बोलतो आहे.

दाजी शेंद्र्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. मशीन बंद ठेवून दुरुस्ती करायची असली, की कोणता पाना कुठल्या हातात हवा इथपर्यंत ते आधी ठरवून ठेवत. तिथं हे शोभतच होतं. पण तो माणूस घरी आल्यावरही मेंटेनन्सलाच असे. लग्नाला जायचं तर आदल्या दिवशी क्रांती चौकाच्या गर्दीतून स्कूटर काढून मंगल कार्यालयाची पार्किंग बघून येणार. बाहेर पडताना कुलूप ओढून बघणार, मग ताईला ओढायला लावणार, मग पुन्हा स्वतः ओढणार. आम्ही फाटकाशी ताटकळत उभे. कुणी घाई केली, तर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, “तयारी झाली की निघू.” या वाक्याचा मला इतका संताप यायचा, की आजही कुणाच्या तोंडून ते ऐकलं, तर मी त्याच्याकडे वळून बघतो.

माझी ताई अगदी उलट्या स्वभावाची. लहानपणी नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला गेलो, की ती देवीचं दर्शन उरकल्यासारखं करायची आणि मला हाताला धरून थेट आकाशपाळण्याकडे पळवायची. पाळणा वर जाऊन थांबला, की मी दांडी घट्ट धरून डोळे मिटून घ्यायचो. ही मात्र दोन्ही हात सोडून द्यायची आणि खदाखदा हसायची. खाली उभी असलेली आमची आई वर बघून शिव्या घालायची. ताईला दागिन्यांची हौस नव्हती, सिनेमाची नव्हती. वर्षातून एकदा तेवढा पाळणा तिला पुरे होता.

लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात दाजींनी तो पाळणा बंद केला. आम्ही रांगेत उभे होतो. दाजींनी पुढं होऊन एका पाळण्याची दांडी हलवून बघितली, खाली वाकून दांडी अडकवणारी पिन बघितली आणि ताईला रांगेतून बाहेर काढलं. “ह्याचे नटबोल्ट कोण बघतं? कुणी नाही! तुला बसायचंच ना? मग लई मोठ्या पार्कात बसवतो. तिथं सेफ्टी असते.” मुंबईच्या वाटेवर, घाटाच्या खाली तेव्हा असं पार्क झालं होतं, उलटं-सुलटं फिरवणारे पाळणे असलेलं. ताई खूश झाली. मीसुद्धा झालो. आपण हातातला पाळणा सोडून कशाच्या मागं लागलो आहोत, ते आम्हाला तेव्हा कुठं कळायला?

पार्कात जायचं तर सगळ्यांनी मिळून जायचं, असं दाजींनी ठरवलं. आधी ओंकार झाला, मग परी झाली. मग मुलं जरा मोठी होऊ देत असं ठरलं. मग दाजींनी पार्कात फोन लावून नियम विचारले. मोठ्या पाळण्यात बसायला ठरावीक उंची लागते म्हणून कळलं, तर त्यांनी त्याच संध्याकाळी टेप आणून स्वयंपाकघराच्या चौकटीवर तेवढ्या उंचीला लाल रंगानं रेघ मारली. “परीचं डोकं इथं टेकलं की निघायचं,” ते म्हणाले. परी तेव्हा बालवाडीत होती. मला वाटलं, गंमत करताहेत. दाजी गंमत करत नसत.

दर रविवारी न्हाऊन झालं, की मुलांना चौकटीला उभं करायचे. डोक्यावर फूटपट्टी ठेवायची, टाचा उचलल्यात का ते वाकून बघायचं. ओंकारनं बघता बघता रेघ ओलांडली. परी मात्र आमच्या आईवर गेलेली, ठेंगणी. तिला दूध पाजलं, दाराच्या वरच्या दांडीला लोंबकळायला लावलं, पण रेघ काही जवळ येईना. मे महिना आला की ताई माझ्याकडे बघायची आणि मी दाजींकडे बघायचो. दाजी चौकटीकडे बघायचे.

आणि मधल्या काळात तालमी! एकदा भर दुपारी मुलांना गच्चीवर रांगेत उभं केलं. का, तर तिथं रांगेत उभं राहावं लागतं, आत्तापासून सवय हवी. शेजारच्या काकू वाळवण उचलायला आल्या आणि मुलांनी काय गुन्हा केला म्हणून विचारायला लागल्या. आणि एका रविवारी तर कहरच झाला. पहाटे उठवून, दशम्या-चटणी बांधून, सगळ्यांना गाडीत घातलं. परीनं नवा फ्रॉक घातला होता. ताईनं माझ्या कानात सांगितलं, “निघालो रं बाबा एकदाचं!” नगरला पोचलो, मिसळ खाल्ली, आणि दाजींनी गाडी माघारी वळवली. मला आधी वाटलं, काहीतरी विसरलं असेल. “आज ट्रायल होती,” ते शांतपणे म्हणाले. “गाडी लागती का कुणाला, ते बघायचं व्हतं. परीला लागली. आता त्याची तयारी करावी लागंल.” परी प्रवरासंगमापर्यंत रडत होती. ताई खिडकीबाहेर बघत होती. अर्ध्या वाटेवर नेऊन माणसांना परत आणायचं, ही कुठली रीत? मी दात आवळून बसलो. मी दाजींचा मेव्हणा होतो.

त्यानंतर मात्र मी एकदा तोंड उघडलं. म्हणालो, “दाजी, परी राहू द्या आईपाशी. मी ताईला अन् ओंकारला घेऊन जाऊन येतो.”

“अर्धं घर न्यायचं आन् अर्धं मागं ठिवायचं? नाय पाव्हणं. लई घाई तुम्हाला.” मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांचं गाव पैठणच्या अलीकडं. लहान असताना त्यांच्या वडिलांना एकदा लहर आली आणि त्यांनी शेतातून आल्या पावली सगळ्यांना एसटीत घालून पैठणला नेलं, धरणाखालच्या बागेतली रंगीत कारंजी दाखवायला. पोचले तर त्या दिवशी कारंजी बंद. फाटकाच्या गजांतून कोरडी टाकी बघून, शेवटच्या एसटीत उभ्यानं परत आले. “धाकटी बहीण वाटभर विचारत व्हती, कारंजं म्हंजी तेच का? सांगा, काय बोलणार?” दाजी म्हणाले. “माझ्या लेकरांना मी बंद फाटक दावणार नाही.” आता असं कुणी सांगितल्यावर माणूस काय भांडणार? माझा राग पुन्हा गिळला गेला.

आणि खोटं कशाला बोलू, याच तयारीनं एकदा आमचं घर सावरलं. माझे वडील दवाखान्यात होते. मी मुलगा असून हातपाय गाळून बसलो होतो. दाजी आले ते चटई, बादली, तांब्या आणि लांब वायरीचा प्लगबोर्ड घेऊन. कुणाचा रक्तगट कोणता, हे त्यांना सगळं तोंडपाठ. रक्त द्यायला आपले दोन मित्र त्यांनी सोबतच आणलेले. त्या बोर्डावर अख्ख्या वॉर्डातल्या नातेवाइकांचे मोबाईल चार्ज होत होते. वडील घरी येईपर्यंत दाजी दवाखान्याच्या जिन्याखालीच झोपले. तेव्हा मला ते सख्ख्या भावापेक्षा जवळचे वाटले. पण म्हणून बाकीच्याला माफी आहे असं नाही.

कारण ताईची पाठ गेली, तीही तयारीतच. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. येईल त्या दिवशी दाजींच्या घरातलं वाटीपासून पत्र्याच्या टिपापर्यंत प्रत्येक भांडं काठोकाठ भरलं जायचं. टाकी भरली, तरी गच्चीवरची टिपं भरायची, पुढच्या वेळी नाहीच आलं तर? दाजी कामावर, म्हणून बादल्या ताईच वर न्यायची. एका दुपारी जिन्यात पाय सरकला. मणक्याची गादी सरकली असं डॉक्टर म्हणाले. ती बरेच दिवस फळीवर झोपून होती, आणि समोरच्या चौकटीवर ती लाल रेघ.

मग एके रविवारी परीचं डोकं रेघेला टेकलं. ओंकारला तोवर मिशी फुटली होती. दाजींनी पेढे आणले. या खेपेला गाडी नगरहून माघारी वळली नाही, पुढं गेली. ताई कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधून बसली होती, पण तिचा चेहरा मी कितीतरी वर्षांनी तसा पाहिला. घाट उतरताना ती परीला सांगत होती, “वर गेल्यावर दांडी धरायची नाय बघ. हात सोडायचे. मगच मजा.”

पार्कात दाजींनी सगळं चोख केलं होतं. कुठल्या पाळण्याला आधी रांग लावायची, ऊन कुठं येतं, पाणी कुठं मिळतं, काही काही चुकलं नाही. मोठ्या पाळण्याच्या रांगेत आम्ही उभे राहिलो. तिथं नियमांची पाटी होती. दाजींना पाटी दिसली की ती मोठ्यानं वाचायची सवय. उंचीचा नियम त्यांनी परीच्या डोक्यावर हात ठेवून ऐटीत वाचला. त्याखालचा वाचायला लागले, “मानेचा, पाठीचा, मणक्याचा...” आणि त्यांचा आवाज बसला.

दारावरच्या मुलीनं सगळ्यांना विचारतात तसं ताईला विचारलं, “पाठीचा काही त्रास?”

“नाय,” ताई म्हणाली. पट्टा पदराखाली होता. ती मुलगी तिला सोडतच होती.

“हाय,” मागून दाजी म्हणाले. “तिला हाय. मणक्याचा.”

ताईनं वळून त्यांच्याकडे बघितलं. रांगेतून बाजूला झाली. तिला त्या पाळण्यात बसू देणं बरोबर नव्हतं, हे मलाही कळतं. पण इतकी वर्षं थांबवायचं आणि अगदी दाराशी आल्यावर आपणच अडवायचं, हे कुणाच्या काळजाला झेपेल? मी मुलांना घेऊन वर गेलो. पाळणा उलटा झाला, परी किंचाळली, ओंकार मोबाईल विसरून ओरडला. मला मात्र खालचा बाकच दिसत होता. दाजीही बसले नव्हते. आम्हा सगळ्यांच्या चपला पिशवीत घालून, ती मांडीवर घेऊन ते बसले होते आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला ताई पाठ फिरवून बसली होती.

परत येताना नगरच्या अलीकडं मुलं झोपली. दाजींनी गाडी बाजूला घेतली, हात स्टिअरिंगवरच होते. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “सगळ्यांची उंची मोजत बसलो. तुझी तर पहिल्या दिवसापास्नंच भरत व्हती.”

ताईनं पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. मी मागं बसून होतो. इतकं साधं जे मला कधीचं दिसत होतं, ते या हुशार माणसाला इतक्या उशिरा का दिसावं, म्हणून मला रडू येत होतं.

दाजी पुढच्याच हिवाळ्यात गेले. सकाळी कामावर निघाले, कुलूप ओढून बघितलं, ताईला ओढायला सांगितलं आणि तिथंच पायरीवर बसले. इतरांसाठी आयुष्यभर तयारी केलेल्या माणसानं स्वतः जाताना आम्हाला क्षणाचीही तयारी करू दिली नाही. हाही राग मी धरून आहे.

गेल्या नवरात्रात दुपारी ताईचा फोन आला. “ऊठ, यात्रेला जायचंय.” मी म्हणालो, डॉक्टर काय म्हणतील? “हिसका नको म्हणलाय. पाळण्याला हिसका नसतो. निघ तू.” मी तसाच निघालो. कर्णपुऱ्यात दिवे लागत होते. दर्शन तिनं पूर्वीसारखंच उरकलं. रांगेतून पाळण्यापाशी आलो, मी चढलो, आणि ताई खालीच थांबली. तिनं दांडी धरून हलवली. मग पाठ सांभाळत जमेल तेवढी वाकली.

“भाऊ, ही पिन बदला.”

“बाई, बैठना है तो बैठो, पब्लिक खडी है,” पाळणेवाला म्हणाला.

“बदलल्याबिगर बसायची नाय.”

मागची माणसं ओरडायला लागली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो माणूस जाऊनही अजून पाळण्याच्या दारात आडवा उभाच! “ताई, बस ना आता!” मी खेकसलो.

“थांब की जरा,” ती म्हणाली. “ते असते तर बघितलंच असतं.”

पाळणेवाल्यानं बडबडत नवी पिन घातली. ताई बसली. पाळणा वर गेला आणि नेमका आमचाच सगळ्यात वर थांबला. ताईनं दोन्ही हात सोडले, हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. “एवढंच तर व्हतं रे,” ती म्हणाली.

मला दाजींचा असा राग आला, की ते त्या वेळी खाली चपलांची पिशवी धरून उभे असते, तर आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो असतो. आणि मग हाताला धरून त्यांना ताईशेजारी बसवलं असतं. पिन तर बघून झालीच होती.