वैशालीच्या दुर्वा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. ह्यांना अर्धं माहीत आहे, पण आमच्यात तो विषय कधी निघत नाही. चौथीपर्यंत शिकले, लिहायला वेळ लागतो. तुम्ही समोर बसून ऐकताय असं धरून लिहिते.

आधी एक सांगून टाकते. मी बेकारी भत्ता घेतला, आणि त्याची मला लाज नाही. इथे जर्मनीत, इंगोलश्टाटला, एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी सहा वर्षं भांडी धुतली. दर पगारातून त्या भत्त्यासाठी कापून घेत होतेच की! मग कारखान्याची एक पाळी बंद झाली, मला आणि माझ्याबरोबर भांडी धुणाऱ्या जर्मन रेनाटेला कमी केलं. कामाच्या सरकारी कचेरीत, आर्बाइट्सआम्टात, रेनाटेनेच मला हाताला धरून नेलं. ती बेकरीत पाव घेताना चारचौघांत सांगायची, सध्या मी बेकार आहे — सर्दी झाल्यासारखं. तिची शेजारीण मात्र मला बघून तोंड वाकडं करायची. रेनाटेने घेतला तर हक्क, आणि मी घेतला तर भीक — का म्हणून?

आपल्या माणसांचं तर विचारूच नका. गावाकडे काम सुटलं की माणूस लग्नकार्यात जायचा बंद होतो. भाऊ फोनवर हसला, “तिकडचं सरकार बसून पोसतं होय गं?” हे म्हणाले, “मराठी मंडळात बोलू नकोस.” मी गप्प राहिले. गप्प राहणं तर मला जन्मापासून येतं.

पण त्या दिवशी मी गप्प राहिले नाही — तेच सांगायचं आहे.

आमच्या मंडळाच्या गणपतीला दरवर्षी एक जोडपं पूजेला बसतं. त्या वर्षी वैशाली आणि तिच्या नवऱ्याची पाळी होती. तो इंजिनियर, त्याचीही नोकरी गेलेली. भत्ता घेतो हे त्या दोघांनी लपवलं नव्हतं. हॉलच्या स्वयंपाकघरात आम्ही मोदक वळत होतो. मंडळाचं सगळं बघणाऱ्या मेधाताई म्हणाल्या, “आम्टाच्या पैशावर पूजेला बसायचं? बरं दिसतं का ते?”

“आल्झो, म्हणजे देवालाही आता फॉर्म भरायला लावा!” कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. मग मेधाताई माझ्याकडे वळल्या. “मावशी, तुम्ही सांगा. तुमच्याइतके कष्ट इथे कुणी केलेत?”

मला तिथे कुणी कधी काही विचारत नाही. मी मोदक वळते, पातेली घासते, घरी जाते. त्या दिवशी सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणि माझ्या पिशवीत आम्टाचं पत्र होतं — पाच महिने मीही तेच पैसे घेत होते.

मी म्हणाले, “बसून खाल्लेल्या पैशाचा नैवेद्य देवाला कसा चालेल?”

वैशाली दारातच उभी होती. हातात दुर्वांची परडी — तिने बाल्कनीत कुंड्यांमध्ये वाढवलेल्या. तिने परडी ओट्यावर ठेवली. “मावशी, एवढ्या पुरतील ना?” एवढंच विचारलं, आणि नवऱ्याला घेऊन निघून गेली. पुढे ती रेगेन्सबर्गला राहायला गेली. मंडळात पुन्हा आली नाही.

घाबरून बोलले म्हणू? नाही. बायकांनी माना डोलावल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू?

आता मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. उद्या हेही काम गेलं तर पुन्हा भत्ता घेईन, आणि मेधाताईंच्या तोंडावर सांगून घेईन. ज्याला खुपेल त्याला खुपो. पण वैशालीला मी जे बोलले, ते त्याने पुसलं जात नाही.

त्या दिवशी पूजेला जोडपं हवं होतं. मेधाताई म्हणाल्या, “मावशी, तुम्हीच बसा दोघं. कष्टाची माणसं.” ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पाटावर बसले. मीही बसले. वैशालीच्या परडीतल्या दुर्वा निवडल्या, एकवीस मोजून जुडी बांधली, आणि माझ्या हाताने देवाला वाहिली.