वाटेल त्याला

दवाखान्याच्या तळघरात चादरी धुतल्या जात, वाळत आणि मग रोलर नावाच्या लांबलचक तापलेल्या मशीनमध्ये जात. एका बाजूने सुरकुतलेली ओलसर चादर आत, दुसऱ्या बाजूने ताठ, वाफाळती चादर बाहेर. त्या दुसऱ्या बाजूला एकतीस वर्षं जी बाई उभी होती, तिला सगळे घडीमावशी म्हणत. खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं, पण तो कागद तिला दुसऱ्याने वाचून दाखवावा लागे. तिची शाळा दुसरीतच आटोपली होती. प्रार्थनेचं पुस्तक मात्र ती रोज पिशवीत बाळगायची. उलटं धरलं तरी बिघडत नसे, सगळं पाठच होतं.

चादरीचं दुसरं टोक धरायला एक जाडजूड बाई होती. ती सकाळी आठला बोलायला लागली की जेवायच्या सुट्टीतही थांबत नसे, म्हणून तिचं नाव रेडिओ. दोघी रविवारी चर्चमध्येही एकाच बाकावर बसत. तिथे तेवढा वेळ रेडिओ बंद असे.

रोज दुपारी चार वाजता रोलर थंड करायला घेत. शेवटची चादर निघाली की घडीमावशी ती वॉर्डच्या गाडीत टाकत नसे. तिची आठ पदरी घडी घाली, सगळी ऊब आतल्या पदरात कोंडून टाकी, वरून जाड टॉवेल गुंडाळी आणि ते बोचकं पोटाशी धरून जिने चढू लागे. लिफ्ट पेशंटसाठी. वर कुठल्या तरी खाटेशी जाऊन ती घडी उलगडायची आणि गार पडलेल्या पायांवर पसरायची. एक दिवस, एक चादर, एक माणूस. बोलायचं फारसं नाही.

हे तिने स्वतः काढलेलं नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वी तिचा नवरा ह्याच दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होता. त्याचे पाय बर्फासारखे झाले होते आणि ती ते हातांनी चोळून चोळून दमली होती. तेव्हा तळघरातून एक वाकलेली बाई आली. तिने काही न विचारता त्याच्या पायांवर गरम चादर घातली. नवरा म्हणाला, “हां, आता बरं.” नंतर तो फारसं काही बोललाच नाही. त्या बाईला सगळे थोरली म्हणत. मावशी तिच्या पाया पडायला गेली, तर थोरली मागे सरकली. “प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. मी नुसते गरम केले, त्यात काय मोठं. मला काही परत करू नकोस. पुढे दे.”

महिन्याभराने मावशी तिथेच कामाला लागली. पहिल्याच दिवशी चार वाजता थोरलीने शेवटची चादर तिच्या हातात दिली. मावशीने विचारलं, “पण कुणाला देऊ?” रोलर घरघरत होता. तळघरात बायका एकमेकींचे ओठ बघून निम्मं बोलणं समजून घेत, पण थोरलीचे पुढचे चारही दात गेले होते, तिच्या ओठांवर काय दिसणार. मावशीला ऐकू आलं ते एवढंच: “वाटेल त्याला दे.”

सोपं काम, असं मावशीला वाटलं. ज्याच्याबद्दल वाईट वाटे त्याला द्यायची. नुकती बाळंत झालेली पोर, घरचं कुणी न फिरकलेला म्हातारा, रात्रभर कण्हणारा रंगारी. वर्षं गेली, थोरली गेली, मावशीचे गुडघे गेले. पूर्वी तिसरा मजला ती एका दमात गाठायची. आता प्रत्येक वळणावर कठडा धरून उभी राहायची आणि मनात म्हणायची, देवा, तू बोलावतोस ते ठीक आहे, पण तळमजल्यावर कुणी गारठत नाही का रे?

एका माणसाला मात्र तिला कधीच काही द्यावंसं वाटलं नव्हतं. तो मुकादम.

मुकादम तळघराचा वरिष्ठ. मिशा कात्रीने कापल्यासारख्या आणि बोलणंही तसंच. एकोणीस वर्षांपूर्वी गाडीत एक चादर कमी भरली. ती वॉर्डात कुणाच्या तरी पायांवर आहे, सकाळी तिथेच अंथरली जाईल, हे मावशी सांगत होती. त्याने ऐकून घेतलं नाही. सगळ्या बायकांसमोर तिची पिशवी घडीच्या टेबलावर उलटी केली. डबा, चष्मा, प्रार्थनेचं पुस्तक. चादर नव्हतीच. तो “हं” म्हणाला आणि निघून गेला. बायकांनी खाली माना घातल्या. चष्म्याची एक काडी मोडली होती. मावशीने ती दोऱ्याने बांधून सहा वर्षं वापरली.

तेव्हापासून रविवारच्या प्रार्थनेत इतरांना क्षमा केल्याची ओळ आली की मावशीला खोकला यायचा. बाकी सगळी प्रार्थना खणखणीत, तेवढ्या एका ओळीला ठसका. रेडिओ दर रविवारी खडीसाखरेसारखी खोकल्याची गोळी घेऊन बसायची आणि वेळेवर पुढे करायची.

“तुझा खोकला देवाने घड्याळ लावून पाठवलाय,” ती म्हणायची.

“घसा आहे. त्याला काय कळतं,” मावशी म्हणायची.

मुकादम निवृत्त झाला तेव्हा ती सुटल्यासारखी झाली. आणि आता, तिचीच निवृत्ती तोंडावर आली असताना, तो परत आला होता. तिसऱ्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात, चौदा नंबरच्या खाटेवर. हृदय थकलं होतं, पाय सुजले होते. बातमी अर्थातच रेडिओने आणली. मावशीने ऐकून घेतलं आणि त्यानंतर अकरा दिवस ती चादर घेऊन दुसऱ्या खाटांकडे जात राहिली. तीन वेळा तर त्याच वॉर्डात, चौदा नंबरला पाठ करून.

आज तिचा शेवटचा दिवस होता. चार वाजले. शेवटची चादर रोलरमधून आली आणि दोघींनी ती धरली.

“आज कुणाला?” रेडिओने विचारलं.

“नऊ नंबरच्या शिंप्याला. एकटाच आहे बिचारा.”

“आणि चौदा नंबर?”

“त्याचं काय?”

“काही नाही. उद्यापासून कोण वर चढणार ते सांग. माझ्याकडे बघू नकोस, मी जिन्यात अडकले तर दवाखाना बंद ठेवावा लागेल.”

मावशी हसली, पण हसायलाही आज अंगात त्राण नव्हतं. तिने आठ पदर घातले, बोचकं पोटाशी धरलं आणि निघाली. पहिलं वळण. दुसरं. दुसऱ्या मजल्यावर ती पायरीवरच टेकली. वरून उतरणारी सिस्टर म्हणाली, “मावशी, द्या ना इकडे, मी नेते.” ती नको म्हणाली. शेवटचा दिवस कुणी असा सिस्टरच्या हातात देतं का?

नऊ नंबरचा शिंपी जागा होता. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, बाहेर आलेली पाच बोटं. मावशी टॉवेल सोडू लागली तसा तो म्हणाला, “मावशी, थांबा. माझी ही पाच बोटं आतल्या आत शिजलीत. वर चादर घातलीत तर करपतील.”

“मग सकाळी कशाला गारठलो म्हणालात?”

“सकाळी गारठलोच होतो. आता त्या चौदा नंबरला द्या. रोज चार वाजले की दाराकडे तोंड करून बसतो. बायको यायची असेल म्हणून मी विचारलं, तर बायको कधीच गेलीय म्हणाला.”

“त्याला नको,” मावशी म्हणाली.

“बरं. मग खाली घेऊन जा.”

खाली. तीन मजले आणि वर तळघर. मावशीने हातातल्या बोचक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. खरं सांगायचं तर तिच्या मनात दया वगैरे आली नव्हती. चादर परत खाली न्यायचा कंटाळा आला होता. देवाला कधी कधी आपल्या कंटाळ्यावरही भागवावं लागतं. ती चौदा नंबरकडे गेली.

मिशा पांढऱ्या आणि विस्कटलेल्या होत्या. चादरीवर ठेवलेले हात सुजून दुसऱ्याच कुणाचे वाटत होते. तो तिच्याकडे बघत होता, ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिने घडी उलगडली, दोन्ही पायांवर चादर पसरली, कडा आत खोचल्या. आतल्या पदरातली ऊब वर आली. मुकादमाने डोळे मिटले.

ती वळली तेवढ्यात तो म्हणाला, “अकरा दिवस वाट बघितली, बाई.”

“मला वाटेल त्याला देते मी. थोरलीनेच तसं सांगितलंय.”

“थोरलीने?” त्याने डोळे उघडले. “काय सांगितलंय?”

“वाटेल त्याला दे.”

मुकादम जरा वेळ नुसता श्वास घेत राहिला. त्यालाही आता एक वाक्य म्हणजे एक जिनाच होता. “असं ती नव्हती म्हणत. माझी आई इथेच होती, खालच्या वॉर्डात. थोरली तिच्या पायांवर चादर घालून गेली. मी आभार मानले तर मला म्हणाली, मला नको, पुढे दे. मी विचारलं, कुणाला? म्हणाली, वाट बघेल त्याला दे.”

वॉर्डात कुणीतरी खोकलं, कुणाच्या तरी पेल्यात चमचा वाजला. मावशीने ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. मग रोलरच्या घरघरीत, दात नसलेल्या तोंडाने म्हटलेलं ऐकून पाहिलं. वाट बघेल त्याला. मधली दोन अक्षरं मशीनने खाल्ली होती आणि तिने उरलेल्यावर एकतीस वर्षं काढली होती. मनात किती खाटा येऊन गेल्या, तिला वाईट वाटलं नाही म्हणून राहिलेल्या.

“मी कुणालाच दिली नाही,” मुकादम म्हणाला. “उलट देणारीची पिशवी पालथी केली. काडी मोडली ती मी पाहिली होती. चष्म्याची. उजवीकडची.”

“डावीकडची,” मावशी म्हणाली.

“डावीकडची. तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ उचलली नाही.”

काय बोलायचं हे एकोणीस वर्षं मावशीने ठरवून ठेवलं होतं, चांगलं लांबलचक होतं, पण आता त्यातलं एकही वाक्य उचलण्याइतकी ताकद उरली नव्हती.

“बसा,” तो म्हणाला. “तुमचे गुडघे मला जिन्यापासून ऐकू येतात.”

“कामावर मी बसत नाही. तुम्हीच तसा नियम केला होता.”

“काम संपलं ना आज?”

हे खरं होतं. तिने स्टूल ओढलं आणि बसली. वॉर्डात ती पहिल्यांदाच बसली होती, नवरा गेला त्या दिवसानंतर. मुकादमाने सुजलेल्या हाताने चादरीचं एक टोक पायांवरून सोडवलं, कष्टाने खाटेच्या कडेपर्यंत आणलं आणि तिच्या गुडघ्यांवर ढकललं.

“मी काही वाट बघत नव्हते,” मावशी म्हणाली.

“एकतीस वर्षं उभी असलेली बाई,” मुकादम म्हणाला, आणि तेवढ्यावरच दमून थांबला.

गुडघ्यांना ऊब लागली. तिने टोक परत ढकललं नाही. चादर निवेपर्यंत दोघं तशीच बसली होती, एक या टोकाला, एक त्या टोकाला, रोलरपाशी मावशी आणि रेडिओ उभ्या राहत तशी.

सोमवारपासून ती चादर रेडिओ वर नेऊ लागली. लिफ्टने. लिफ्टवाल्याने अडवलं तर म्हणाली, मीच पेशंट आहे, वजनाची. पण ते नंतर. त्याआधी रविवार आला, प्रार्थना सुरू झाली आणि क्षमेची ओळ जवळ आली तशी रेडिओने सवयीने गोळी काढून हात पुढे केला. मावशी ओळ म्हणून पुढे गेली. आवाज थकलेला होता, पण सलग होता. गोळी रेडिओच्या तळहातावर तशीच राहिली. शेवटी तिने ती स्वतःच्याच तोंडात टाकली.