हिल्डाबाईंची तीच बातमी

आमच्या अध्यापक महाविद्यालयातून शिकून गेलेल्यांची खबरबात दर नाताळाला एका पत्रकात छापतात. कोण मुख्याध्यापक झालं, कोणाचं लग्न झालं, कोणाला जुळं झालं, कोण वारलं. मी तिथं शिकवत होतो तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. निवृत्त होऊन बेटावर माझ्या गावी परतलो, तरी ते दुसऱ्या कुणी घेतलं नाही. प्रत्येकाला दोन ओळी, एवढंच मला जमतं. हिल्डाबद्दल जास्त लिहायला बसलो आहे, कितपत साधेल ठाऊक नाही.

हिल्डा गारे माझी विद्यार्थिनी. दक्षिणेकडच्या बेटावरची. पहिली नेमणूक आमच्या गावच्या शाळेत झाली आणि ती इथंच राहिली. लग्न केलं नाही. मुलांच्या डोक्यातल्या उवांपासून जखमेच्या पट्टीपर्यंत सगळं तीच बघायची. पत्रकासाठी विचारलं की म्हणायची, "त्याच शाळेत आहे, असं लिहा सर."

तिच्याबरोबर शिकलेला बेसिल आता सांतो शहरात शिक्षण कचेरीत आहे. तो फोनवर हसायचा. "सर, हिल्डाची ओळ मागच्या वर्षीचीच टाका. तेवढीच तुमची मेहनत वाचेल."

या वर्षी मात्र बेसिलनेच बातमी कळवली. सांतोच्या मोठ्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून हिल्डाची निवड झाली होती. दोन महिन्यांनी येणाऱ्या जहाजाने निघायचं. त्या दिवशी हिल्डाने मला दोनदा विचारलं, "नक्की माझंच नाव आहे ना सर?"

गावाने निरोपाची मोठी जेवणावळ द्यायचं ठरवलं. आमचे मुखिया वीरा यांनी त्याच दिवशी ओढ्याकडे जाणाऱ्या वरच्या वाटेवर नामेले या ताडासारख्या झाडाची दोन पानं आडवी बांधली. ही पानं बांधली की वाट बंद. जेवणावळीच्या दिवशी डुक्कर मारून मुखियाच ती सोडणार. तोवर पलीकडे कुणी जायचं नाही, लाकडासाठी नाही, पळालेल्या डुकरामागेही नाही. वरच्या डोहातल्या झिंग्यांना वाढू द्यायचं होतं.

"बाई, तुमच्या पानात मनगटाएवढा झिंगा पडला नाही, तर मला मुखिया म्हणू नका," वीरा म्हणाले.

"एवढा झिंगा मलाच खाईल, पापा," हिल्डा म्हणाली, आणि सगळं अंगण हसलं.

आमचा ज्वालामुखीचा डोंगर वर्षभर राख टाकत होता. छपरं खरवडायची, अळूची पानं धुवायची, याची सवय झाली होती. मग पाऊस सुरू झाला. शाळेच्या कुडाला लागून वाहणारा ओढा पावसाने फुगायला हवा होता, तो बारीक होत गेला. एका सकाळी मुलं दगडांवरून कोरड्या पायांनी पलीकडे गेली.

"राख पाणी पिते," गावातले लोक म्हणाले.

"पिते, पण ठेवते कुठे?" हिल्डाने विचारलं. मग ती मला म्हणाली, "सर, वर काहीतरी अडलंय. सुटलं तर पहिली माझी शाळा आहे."

आम्ही दोघं वीरांच्या अंगणात गेलो. त्यांची बायको लापलापसाठी, म्हणजे पानात बांधून भाजायच्या कंदाच्या लगद्यासाठी, केळीची पानं शेकत होती.

"पापा, पानं सोडा. एक माणूस वर जाऊन बघून येऊ दे," हिल्डा म्हणाली.

"जेवणावळीला सुटतील."

"तोवर पाणी थांबेल का?"

"बाई, पानं मी तुमच्या मानासाठी बांधलीत. तुमच्यासाठीच मोडली, तर उद्या माझा शब्द कोण ऐकेल? कोंबडीसुद्धा ऐकणार नाही."

"आणि मी ओलांडली तर?"

वीरांची बायको पानं शेकायची थांबली. "तसलं बोलू नये, पोरी," ती म्हणाली. "तू बाहेरची. आमच्यातल्याने ओलांडलं तर भांडण होतं. बाहेरच्याने ओलांडलं तर थुंकल्यासारखं होतं."

दुसऱ्या दिवशी हिल्डाने मुलांना माझ्या अंगणात आणून बसवलं. "सर, यांना गाणी शिकवा, खाली पाठवू नका," म्हणाली आणि वरच्या वाटेने पानांपलीकडे गेली. मोठ्या मुलांना कळलं. ती मुलं गाणं म्हणत होती, पण त्यांची नजर वाटेवर होती.

ती परत आली तेव्हा कमरेपर्यंत राखाडी चिखल होता. तशीच वीरांसमोर जाऊन जमिनीवर बसली.

"दरड आलीय खाली. राख, झाडं, सगळं ओढ्यात आडवं. मागे पाणी साठलंय, पापा. मोठं. झाडांचे नुसते शेंडे वर दिसतात. पाखरू नाही, आवाज नाही. बांधाच्या पायथ्यातून पाणी झिरपतंय."

वीरा उठले, काठी घेतली आणि एकटेच वर गेले. आल्यावर आधी ओढ्याकाठची आपली झोपडी सोडून बायकोमुलांना वर चर्चजवळ हलवलं. मग शाळेच्या फाटकावर नामेलेची नवी पानं बांधली. आता तिथं कुणी जात नाही.

दंड मात्र सुटला नाही. सगळ्या गावासमोर वीरा म्हणाले, "बाईंनी बरोबर केलं. पण पानं ओलांडली. वळलेल्या सुळ्याचं डुक्कर द्यावं लागेल. ते दिल्याशिवाय निरोप नाही."

"माझ्याकडे तसलं डुक्कर कुठलं, पापा?"

वीरांनी बायकोला खूण केली. तिने एक पिल्लू आणून हिल्डाच्या मांडीवर ठेवलं. त्याला सुळा फुटून वळायला किती वर्षं लागतात, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. हिल्डालाही. ती बराच वेळ पिल्लाची पाठ खाजवत राहिली.

मी बेसिलला फोन केला. तो भडकला. "सर, डुकरापायी? पैसे भरून टाका म्हणावं, मी पाठवतो!"

हिल्डाने माझ्या हातातून फोन घेतला. "डुक्कर राहू दे रे. पाणी अजून वरच आहे. नवीन माणूस येईल, त्याला ओढ्याचं काय कळणार? आणि ही पोरं त्याचं ऐकतील का?"

जहाज आलं आणि तिला न घेता गेलं. शाळा आता चर्चमागच्या फणसाखाली भरते. हजेरी झाली की हिल्डा मुलांना गप्प बसवते आणि सगळी ओढ्याकडे कान देऊन ऐकतात. ओढ्याचा आवाज येत नाही. खुंट्याला बांधलेलं पिल्लू तेवढं कुरकुरतं. काल डोंगरावर पुन्हा काळं आभाळ उतरलं. शाळेखालचे मळे कुणीच सोडलेले नाहीत. कंद काढायला माणसं अजून खाली जातात आणि हिल्डा त्यांना मोजून घेतल्यासारखी बघत उभी असते.

पत्रकासाठी मी तिला विचारलं. ती डोंगराकडेच बघत होती.

"त्याच शाळेत आहे, असं लिहा," म्हणाली. मग थोडं थांबून, "पण लवकर पाठवा सर."