तिसऱ्या ओळीतल्या चार मात्रा

मात्रा मोजण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असा मला रत्नागिरीच्या कॉलेजात मराठी शिकवताना पक्का गर्व होता. दोन वर्षांपूर्वी, गणपती जवळ आले असताना, पहिल्या वर्षाच्या एका मुलीने भीतभीत वही पुढे केली.

आई अंगण सारवते रे
तोरण ताजे दारी झुलते
बाबा आले आले
वाडी सगळी गाते डुलते

बोटांवर मोजलं. सोळा, सोळा, बारा, सोळा. यमक छान होतं. तिसऱ्या ओळीची सहाही अक्षरं दीर्घ, म्हणताना तोंडभर आनंद होतो. पण चार मात्रा कमी! मी लाल पेनाने पुढे ‘गावी’ लिहिलं आणि लंगडी ओळ चालती केल्याच्या समाधानात चहा प्यायलो.

तिचे वडील मुंबईत नोकरीला. गणपतीला गावी आले की जाखडीच्या नाचात तेच गातात. आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी म्हटलेल्या त्या माणसाने त्या वर्षी लेकीचं म्हणायचं ठरवलं होतं. आठवड्याने ती स्टाफरूममध्ये आली.

“सर, गाणं राहू दे. मला नाय जमत.”

“आता काय झालं?” मी खेकसलोच.

“फोनवर म्हणून दाखवलं. बाबा बोलले, तिसऱ्या ओळीला पाय कुठं मारायचा? जागाच नाय. पण तुम्ही लिहिलेलं मी कसं खोडू?”

“तुझं मूळचं म्हण बघू.”

ती म्हणू लागली. ‘आले आले’ झालं आणि तिने फरशीवर दोनदा पाय आपटला. धप्, धप्. मग चौथी ओळ. माझ्या चार मात्रा तिथे होत्या, नाचणाऱ्यांच्या पायात! मी आपला कागदावर शोधत बसलो होतो. शरम वाटली, खरं सांगतो, पण आनंद त्याहून जास्त झाला. त्याच लाल पेनाने ‘गावी’ खोडलं.

गणपतीत संध्याकाळी तिच्या गावी गेलो. हातखंब्याहून आत, वाडीच्या खळ्यात रिंगण धरलं होतं. तिसऱ्या ओळीला सगळे पाय एकदम पडले, घुंगरं वाजली, आणि वडिलांनी चौथी ओळ उचलली.

गाणं संपलं की गाणाऱ्याने कवीचं नाव घ्यायचं, ही तिथली रीत. त्यांनी उपरण्याने घाम पुसला आणि पूर्ण नाव घेतलं. आधी लेकीचं नाव मोठ्याने घेतलं. मग तिच्या नावापुढे, बापाचं म्हणून, स्वतःचं घेतलं, त्याहूनही मोठ्याने.